चार हजार हर्ट्‌झच्या पलीकडे

गाणं लागायच्या आधीच घुमणं सुरू झालं. गेल्या दिवाळीत मी पांढरकवड्याला घरी आलो होतो. महिनाभर घरून काम करायची परवानगी मिळाली होती आणि पहिल्याच रविवारी बहिणीचा कॉलेजातला डेस्कटॉप बाबांच्या जुन्या स्टिरिओला जोडायला घेतला. कॉम्प्युटरच्या मागची हिरवी खाच, तिथून निघालेली वायर, तिच्या दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ‘ऑक्स’ लिहिलेल्या जागी. पाच मिनिटांचं काम. बटण दाबलं आणि दोन्ही स्पीकरमधून घूंऽऽ असा एकसुरी आवाज येऊ लागला. व्हॉल्यूम वाढवला की तोही वाढायचा. गाणं थांबवलं तरी तो थांबेना.

मी फोन काढून शोधाशोध करत बसलो. बाबा दारात चपला काढत होते. तिथूनच म्हणाले, “अर्थिंग पाय नं. मोटर घुमल्यावानी घुमून रायलं थे.”

आणि ते बरोबर होतं. डेस्कटॉपला तीन पिनांचा प्लग, म्हणजे त्याची अर्थिंग घराच्या खड्ड्यात. अ‍ॅम्प्लिफायरला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही जोडलेला, आणि त्यात येणारी केबलवाल्याची तार कुठल्यातरी खांबावर वेगळीच जमिनीला टेकलेली. दोन जमिनींमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक असतो, तो भरून काढायला करंट ऑडिओच्या वायरीतून वाहतो आणि आपल्याला विजेचे ५० हर्ट्‌झ ऐकू येतात. केबलवाल्याची तार उपसली. घुमणं बंद. बाबांनी वायरी न बघता, दारातून, नुसतं ऐकून हे सांगितलं होतं. तेव्हा मला त्याचं विशेष वाटलं नाही. ते जिनिंगमध्ये फिटर आहेत, मोटारी त्यांना कळणारच.

टीव्ही कायमचा तोडून चालणार नव्हता, आईची मालिका होती. म्हणून दुसरा रस्ता काढला. डेस्कटॉपच्या मागे एक चौकोनी ऑप्टिकल खाच होती. तिचं प्लास्टिकचं बूच इतक्या वर्षांत कोणी काढलेलंही नव्हतं. त्या खाचेतून आवाज प्रकाशाच्या रूपात बाहेर पडतो. प्रकाशाच्या दोरीतून करंट वाहत नाही, त्यामुळे घुमण्याचा प्रश्नच मिटतो. पुण्याहून येताना मी एक डॅक आणला होता, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी डबी. आकडे दोरीतून डबीत, डबीतून आवाज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. किंमत मी आईला निम्मीच सांगितली.

यापुढचा भाग माझ्या पिढीतल्या, माझ्या धंद्यातल्या बऱ्याच मुलांना ओळखीचा वाटेल. सीडीवरचा आवाज म्हणजे एका सेकंदाला ४४,१०० मोजमापं, प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर. मोजमापं ४४,१०० असली की त्यांच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे २२,०५० हर्ट्‌झपर्यंतचे सगळे सूर त्यातून परत उभे करता येतात. तरुण, धडधाकट कान साधारण २०,००० पर्यंत ऐकतो, म्हणजे हिशोब पुरेसा आहे. अडचण अशी की विंडोज सगळे आवाज एकत्र कालवते. गाणं, मेसेजचा टुण्ण, सगळं एकाच मापात आणते, आणि ते माप बहुतेक वेळा ४८,००० असतं. म्हणजे ४४,१०० चं गाणं वाटेत शिजवून पुन्हा वाढलं जातं. ते टाळायला प्लेअरला साउंडकार्डावर एकट्याचा ताबा द्यायचा, कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम शंभरवर ठेवायचा आणि कमीजास्त जे करायचं ते अ‍ॅम्प्लिफायरच्या गोल बटणावर. असं केलं की फाइलमधला एकेक बिट जसाच्या तसा डबीपर्यंत पोचतो. याला बिट-परफेक्ट म्हणतात. मी त्या संध्याकाळी ते साधलं आणि खुर्ची दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवून भीमसेन जोशींचा पुरिया लावून बसलो. कोणीतरी प्रामाणिकपणाचं सर्टिफिकेट दिल्यासारखं वाटत होतं.

प्रामाणिकपणाचं म्हणतोय, कारण हाय-फाय या शब्दातला ‘फाय’ म्हणजे फिडेलिटी, निष्ठा. त्यात शिरलेली माणसं बोलतातही तशीच. आवाजाला हात लावू नका, बास-ट्रेबलची बटणं फिरवणं म्हणजे भेसळ, जसं रेकॉर्ड झालं तसंच आलं पाहिजे. मलाही ते पटायचं. इंजिनिअरला पटावं असंच ते आहे. आत गेलं तेच बाहेर आलं पाहिजे, मध्ये कोणाची लुडबुड नको.

पण निष्ठा म्हटली की ती कोणाशी तरी असते. इथे कोणाशी?

गायकाशी म्हणावं तर रेकॉर्ड हेच मूळ नव्हे. केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अवकाशात गेली. ती जेमतेम साडेतीन मिनिटांची, कारण मूळ ध्वनिमुद्रण जुन्या तबकडीचं आणि तिच्या एका बाजूवर मावायचंच तेवढं. मैफलीत त्या जे तासभर मांडत ते त्यात नाही. तबकडी पाठवणाऱ्या मंडळींनी दूरदृष्टी दाखवून सोबत सुईही पाठवली आणि ती तबकडी किती वेगाने फिरवायची त्याच्या आकृत्या कोरल्या. कान मात्र पाठवता येत नव्हता. तबकडी ज्याला सापडेल त्याला कान असेल, आणि तो आपल्यासारख्याच सुरांना लागेल, हे गृहीत धरावं लागलं. मला ही गोष्ट फार वर्षं माहीत होती, पण त्यातला कानाचा भाग कधी डोक्यात आला नव्हता.

एमपी-थ्री करणाऱ्यांनी उलट केलं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी ते घडवताना सुरुवात कानापासूनच केली. मोठ्या आवाजाच्या आडोशाला असलेला बारीक आवाज माणसाला ऐकूच येत नाही, मग तो साठवायचा कशाला? सुझान व्हेगाचं वाद्यांशिवाय गायलेलं ‘टॉम्स डायनर’ ते पुन्हा पुन्हा वाजवून बघत होते, कारण एकट्या आवाजात कुठे आडोसा नसतो आणि चूक लगेच उघडी पडते. म्हणजे एमपी-थ्रीच्या फाइलमध्ये गाणं असतं तसा एक श्रोताही असतो, सरासरी, निरोगी, बंद खोलीत बसलेला. त्याला जे ऐकू येणार नाही ते त्यातून आधीच वगळलेलं असतं.

मी स्वतःवर आंधळी परीक्षा केली. एबीएक्स म्हणतात तिला. एक फाइल पूर्ण, एक ३२० ची एमपी-थ्री, तिसरी या दोनपैकी कुठली ते आपण ओळखायचं. सोळा वेळा. बारा बरोबर आले तर काही ऐकू येतंय असं म्हणायला जागा. माझे नऊ आले. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. मोठमोठ्यांचंही असंच होतं. २००७ साली मायर आणि मोरन या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. महागडं, सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा तसंच ऐकवायचं आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून. ५५४ प्रयत्नांत लोकांना जवळपास निम्म्या वेळा बरोबर ओळखता आलं, म्हणजे आलंच नाही. डबीची पूर्ण किंमत आईला न सांगितल्याचं मला त्या रात्री बरं वाटलं.

बाबांवर प्रयोग करायचं मनात आलं ते खरं तर थट्टेखातर. ते सोफ्यावर पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, बाबा, मी एकेक सूर लावतो, ऐकू आला की बोट वर करा. २५० ला बोट वर. ५०० ला, १,००० ला, २,००० ला वर. ३,००० ला जरा थांबून. ४,००० ला त्यांनी पेपरचं पान उलटलं. मला वाटलं, लक्ष नाही. पुन्हा लावला. व्हॉल्यूम वाढवला. शेवटी इतका वाढवला की आई स्वयंपाकघरातून कान दाबत बाहेर आली आणि “बंद कर ते!” म्हणून ओरडली. बाबांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, “काय झालं?”

६,००० ला काही नाही. ८,००० ला, पुष्कळ वाढवल्यावर, “काहीतरी चिरचिर करून रायलं.”

नुसत्या वयाने कान जातो तेव्हा तो वरून उतरत जातो, उतारासारखा, जितका वरचा सूर तितकं कमी. मधेच ४,००० च्या आसपास खड्डा आणि पुढे पुन्हा जरासा चढ, हा नमुना वेगळा आहे. तो गोंगाटाचा. कानाची नळी ३,००० च्या जवळपासचे आवाज आपसूक मोठे करते आणि मार बसतो तो त्याच्या थोडा वर. आतल्या शंखात साधारण १५-१६ हजार केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. कोंबडीत येतात. हे सगळं मी त्या रात्री वाचलं, आणि माझा घरगुती प्रयोग म्हणजे काही तपासणी नव्हे हेही स्वतःला बजावलं. पण खड्डा कुठून आला हे कळायला मला डॉक्टरची गरज नव्हती.

बाबा तीस हंगाम जिनात आहेत. दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत, जोवर कापूस येतोय तोवर, पाळी बारा तासांची. ज्यांनी जिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबलचक शेडमध्ये ओळीने रेचे असतात. प्रत्येकात चामड्याचे दोन रोलर फिरतात, त्यांना लागून पाती हलत असते. रोलर कापसाचे तंतू ओढतो, पाती सरकी खाली पाडते. रुई एका बाजूला, सरकी दुसऱ्या. असे वीस-चोवीस रेचे एकदम चालतात. रोलरला खाचा पाडणं, पातीला धार आणि अंतर लावणं, बेअरिंग बदलणं ही फिटरची कामं. २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं, जिनं आधुनिक झाली, डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या बायांच्या जागी कापूस ओढणारे पंखे आणि पाइप आले. रुई स्वच्छ झाली. पंख्यांचा आवाज रेच्यांच्या आवाजात मिसळला.

लहानपणी मी डबा घेऊन जायचो. शेडमध्ये कोणी बोलत नसे, सगळं हातवाऱ्यांनी. बाबा कानात रुईचे बोळे घालून असत. जिनात रुईला काय तोटा! पण रुईच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही, आणि बाबा तोही अधूनमधून काढत, कारण त्यांना रेचा ऐकायचा असे. एक दिवस मी पाहिलं, ते चालता चालता थबकले, सातव्या का आठव्या रेच्याजवळ गेले, पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घराला लावलं आणि मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला. डोळे मिटलेले. मग हात वर करून मशीन थांबवलं. “खोकून रायला होता,” एवढंच म्हणाले. चोवीस यंत्रांच्या कल्लोळात एकाची खोकी त्यांना कळली होती.

खुर्ची बरोबर मध्ये ठेवून बसणारा मी माणूस. माझ्यापेक्षा कितीतरी बारकाईने ऐकणारा माणूस माझ्या घरात होता आणि मी त्याला हाय-फाय समजावत होतो. ज्या कानाने ते काम करत होते तोच कान ते काम खात होतं. आणि त्या कामाच्या पगारातून माझी चार वर्षांची इंजिनिअरिंगची फी गेली, हॉस्टेल गेलं, पहिला लॅपटॉप गेला. डबी माझ्या पगाराची, हे खरं. पण माझा पगार कशाचा?

इथे कायद्याबद्दल थोडं सांगतो, कारण मलाही ते माहीत नव्हतं. १९४८ च्या कारखाना कायद्याला तिसरी अनुसूची होती, सूचना देणं बंधनकारक असलेल्या रोगांची. त्यात शिसं होतं, पारा होता, सिलिकोसिस होता, आणि गोंगाटाने येणारं बहिरेपणही होतं. आठ तासांच्या कामाला आपल्याकडे ९० डेसिबलची मर्यादा आहे. आवाज ९५ वर गेला की चारच तास, १०० वर गेला की दोन. मी डिसेंबरात बाबांना सोडायला गेलो तेव्हा शेडच्या दारात फोनवरचं अ‍ॅप लावून पाहिलं. अशा अ‍ॅपवर फार विसंबू नये, पण आकडा ९४ ते ९६ मध्ये नाचत होता, तोही दारात. पाळी बारा तासांची. बाबांच्या आठवणीत तिथे आवाज मोजायला कोणी कधी आलेलं नाही.

तर गुणवत्ता, निष्ठा, मूळ आवाज या माझ्या गोष्टींना आता विचित्र वळण लागलं. बिट-परफेक्ट आवाज खोलीत येत होता आणि खोलीतल्या ज्या माणसासाठी तो आणला त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. ४,००० च्या आसपास काय असतं? त, स, श, फ अशी व्यंजनं. म्हणूनच “साठ” आणि “आठ” मध्ये बाबांचा घोळ होतो, म्हणूनच लता मंगेशकरांचं गाणं त्यांना “बोल समजत नाही” म्हणून आवडेनासं झालं होतं आणि आम्ही ते वयावर ढकललं होतं. टाळांची किणकिण तिथे आणि तिच्याही वर असते. खंजिरीच्या चकत्याही.

खंजिरीचं सांगायला हवं. आमच्या भागात तुकडोजी महाराजांचं भजन म्हणजे खंजिरी. गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना जवळपास प्रत्येक गावात होते आणि बाबा त्यांच्या गावच्या मंडळात तरुणपणी खंजिरी वाजवायचे. त्या मंडळाची १९९४ ची एक कॅसेट घरात होती, मी ती डेस्कटॉपवर घेतली होती. बाबा ती ऐकायचे, पण दोन भजनांनंतर उठून जायचे. म्हणायचे, कॅसेट खराब झाली, खंजिरी गेली त्याच्यातून. मी फाइल उघडून पाहिली. खंजिरी होती. कॅसेटची सरसर होती, पण खंजिरी स्वच्छ होती.

मग मी जे केलं ते हाय-फायवाल्यांच्या लेखी पाप आहे. इक्वलायझरचं एक फुकट सॉफ्टवेअर घातलं आणि ३,००० पासून ६,००० पर्यंतचा भाग उचलला. बाकीचा त्याच मानाने खाली घेतला, नाहीतर आवाज फाटतो. फार उचलून चालत नाही. अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण ऐकू येऊ लागला की जरा वाढल्यावर तो एकदम बोचतो, मधली जागा अरुंद होते. आठवडाभर, बाबा पाळीवर गेले की मी थोडं थोडं हलवत होतो. एका संध्याकाळी कॅसेटमधलं भजन लावलं आणि गुपचूप लॅपटॉपवर काम करत बसलो. बाबांचा हात मांडीवर पडू लागला. मग तो हात थांबला.

“आज वाजून रायली नं खंजिरी.”

मी म्हटलं, “हो का?”

“हाव. मशीन चांगली आणली तू. महाग असंन.”

आणि मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या काकांना घेऊन आले, ऐकवलं, पोराने पुण्याहून मशीन आणली म्हणून सांगितलं. काकांनी मान डोलावली. काकांचा कान चांगला असावा, कारण ते जरा मागे सरकून बसले.

मी खोटं बोललो का, हा प्रश्न मला त्या आठवड्यात छळत होता. एका बाजूने वाटे, चष्मा लावल्याने कोणी खोटं बघत नाही. लांबचं अक्षर आहे तसं दिसावं म्हणून काच वाकडी घासावी लागते. सरळ काच त्या डोळ्याशी प्रामाणिक नसते. तसंच हे. माझा आधीचा सरळ आवाज बाबांच्या बाबतीत खोटा होता. त्यांना तो सांगत होता की खंजिरी नाही. इक्वलायझरने तो खरा झाला. निष्ठा शेवटी ऐकणाऱ्याशी, फाइलशी नाही, इथवर मी बऱ्यापैकी ठामपणे आलो.

पण चष्मा घालणाऱ्याला माहीत असतं की आपल्या नाकावर चष्मा आहे. बाबांना माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं की आधी कॅसेट खराब होती आणि आता मशीन चांगली आहे. त्यांच्या कानाबद्दल मला जे कळलं होतं ते मी स्वतःकडे ठेवलं होतं, आणि वर त्यांची शाबासकीही घेत होतो, तीही डबीच्या नावाने, जिचा यात काडीचा हात नव्हता. दया करताना आपण समोरच्याला लहान करतो, असं काहीतरी यात होत होतं. जो माणूस पेचकस कानामागे लावून बिघाड शोधतो त्याच्यापासून मी त्याच्याच यंत्राचा बिघाड लपवत होतो.

शिवाय आई होती. ती एकदा दुपारी सहज म्हणाली, “ते तुझं गानं माझ्या कानात सुईवानी टोचते.” अर्थात. खोली एक, कान दोघांचे. बाबांच्या कानाशी इमान राखलं की आईच्या कानाशी बेइमानी. मी तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “मले मालूम हाये. दहा-बारा साल झाले. म्या त्याईच्या समोर येऊन बोलतो, माघून बोलत नाही. तुले कधी दिसलं नाही?”

दिसलं नव्हतं. मला वाटायचं आईला प्रत्येक गोष्ट समोर उभं राहून सांगायची सवय आहे.

“मग सांगितलं काहून नाही त्यांना?”

“सांगून काय करतील? काम सोडतील?”

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी मी बाबांना स्क्रीनसमोर बसवलं. भजन लावलं. इक्वलायझर बंद केला. खंजिरी गेली. चालू केला, आली. बंद केला, गेली. चार-पाच वेळा. काही समजावायची गरज पडली नाही. सहाव्यांदा त्यांनी माझा हात बाजूला केला आणि माउस स्वतः धरला. बंद, चालू. बंद, चालू.

“म्हंजे खंजिरी होती,” ते म्हणाले.

“होती.”

“आन् हे बंद असलं का तुमाले आयकू येते.”

“येते.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी आकृती दाखवली, खड्डा दाखवला, चार हजार वगैरे सांगितलं. त्यांनी खड्ड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे रेच्यानं?” मी म्हटलं, बहुतेक. मग मी कायद्याचं सांगितलं, अनुसूचीचं, यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कानाची तपासणी होते त्याचं. डॉक्टरने असा रोग पाहिला तर कारखाना निरीक्षकाला कळवायचं असतं हेही सांगितलं. इथे ते पहिल्यांदा चिडले.

“म्हंजे मालकाले नोटीस. हंगामाच्या मधात. त्याच्याच पैशावर शिकला नं तू?”

मी म्हटलं, तुमच्या पैशावर शिकलो. त्यावर ते उठून बाहेर गेले.

मला अजूनही या वादात माझी बाजू पूर्ण बरोबर वाटत नाही. नोटीस गेली तर त्रास होणार तो त्यांना, हंगाम त्यांचा जाणार, मी पुण्यात एसीत बसून न्याय मागणार. पण गप्प बसलो तर काय? बाबांच्या हाताखाली एक पोरगा आहे, बावीस वर्षांचा, आर्णीकडचा. त्याच्या कानात आत्ता रुईचे बोळे आहेत. घरात बसून एका माणसासाठी एक वक्ररेषा उचलणं सोपं आहे. ते करून मला जे बरं वाटलं, त्याचा मला आता संशय येतो. शेडमधला आवाज तेवढाच आहे.

मी कानावर लावायचे सहा इअरमफ मागवले. बाबांनी एक दिवस लावून काढून ठेवले. त्यातून रेचा बोलत नाही म्हणाले. ती तक्रार खरी आहे, त्यांचं काम ऐकण्याचं आहे. त्यांच्यासाठी मग कानात घालायचे साधे फोमचे प्लग आणले, त्यातून यंत्राची खालची खरखर पोचते. ते घालतात कधी, कधी नाही. आर्णीच्या पोराने मात्र इअरमफ पहिल्या दिवसापासून लावले, कारण ते मोबाईलवर गेम खेळणाऱ्यांच्या हेडफोनसारखे दिसतात. उरलेल्यांपैकी तीन कोणी घेतले ते कळलं नाही, पण कपाटात ते राहिले नाहीत.

तपासणीचं बाबांनी हंगाम संपल्यावर बघू म्हटलंय. हंगाम संपल्यावर म्हणजे संपल्यावर, असं त्यांनी दोनदा सांगितलं. अर्ज-बिर्ज करायचा की नाही ते तपासणीनंतर त्यांनी ठरवायचं, मी नाही, हे मी कबूल केलंय. पोराचं काय, हे कबूल करताना विचारलं. त्यावर ते “पाहू” म्हणाले.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी डेस्कटॉपवर दोन चिन्हं करून ठेवली. एकावर क्लिक केलं की बाबांचा आवाज, दुसऱ्यावर सरळ. एकाला ‘बाबा’ नाव दिलं, दुसऱ्याला ‘आई’. परवा फोनवर आई म्हणत होती, संध्याकाळी ते आधी ‘आई’ लावतात, ती स्वयंपाकघरात गेली की ‘बाबा’ करतात, आणि ती बाहेर आली की पुन्हा बदलायला उठतात. सारखं उठबस करतात म्हणून ती वैतागली आहे. मी म्हटलं, आता आलो की रिमोटवर करून देतो.